दाराचं माप

(वडनेर भोलजीच्या शिवारातली एक विहीर. काठाला लागून सिमेंटची इंजनखोली, तिच्या डोक्यावर पाण्याचा हौद. भिंतीला बांधलेली भोकं पाडायची मशीन. दुपार.)

उकंडराव : थांबव, थांबव ते! सारं पाणी बाहेर येऊन राह्यलं ना बे!

सहदेव : पाणी आत जातं अन् बाहेर येतं, मामा. त्याचं कामच ते हाय. कोरडं चालवलं तर हिरा तापतो, तापला की जळून जातो. काल बी सांगितलं होतं तुमाला.

उकंडराव : सांगतलं असन. कालपासून माह्या डोकश्यात एकच गोष्ट घुसली आहे. मनकर्णाच्या नाकात काचेचा खडा, अन् मी हिरा लावून राह्यलो भिंतीले. तिले समजलं तं थे मलेच भिंतीत चिनून टाकन.

सहदेव : मामीला आणून दाखवा ना. हे बगा, नळीच्या तोंडाशी. ह्या कडीत.

उकंडराव : कुठी? हे? हे तं संक्रांतीच्या भाकरीले तीळ लावल्यावानी दिसते.

सहदेव : हेच हिरे. दागिन्यात चालत न्हाईत, म्हणून आमच्या नशिबी येतात. पण सिमेंट कापतात, अन् सिमेंटातली सळई बी कापतात.

उकंडराव : सळई नाही रे राजा, रूळ. मी सळईवर भागवणारा माणूस वाटलो काय तुले? आगगाडीच्या रुळाचे तुकडे टाकले भिंतीत. नांदुऱ्याचा भंगारवाला म्हणे, 'पाटील, गावात गाडी आणता काय?' मी म्हटलं, गाडी नाही, इंजन आणलं, त्याची खोली बांधतो. त्यानं मले हात जोडले. मले वाटलं, मान देऊन राह्यला.

सहदेव : तरीच! काल एका भोकाला तासभर गेला. मी म्हणलं, धरणाच्या भिंतीत असलं काही लागलं न्हाई, ह्या खोलीत काय पुरलंय?

उकंडराव : माही अक्कल पुरली आहे. सापडली तं सांग.

सहदेव : आता थोडंच राहिलंय. वरची आडवी रांग झाली, ही उभी झाली की संपलं. एकाला लागून एक भोक, गोधडीला धावदोरा घालतात तसं. रांग पुरी झाली की मधला तुकडा सुटून येतो. ठोका न्हाई, हादरा न्हाई. विहिरीला कळत बी न्हाई.

उकंडराव : मागच्या टायमाले कळलं होतं तिले. घनाचा पयलाच ठोका मारला, तं विहिरीच्या बांधणीतले दगड धबाधबा पाण्यात. वरचा हौद असा डुलला, का म्हटलं, इंजन तं बाहेर येत नाही, आता मीच इंजनाजोळ जातो. थो घन तसाच खाली ठेवला, अन् दुसऱ्या दिवशी तुमच्या धरणाच्या साईटवर येऊन उभा राह्यलो.

सहदेव : साहेब अजून हसतोय. म्हणला, 'ह्या पाटलाला मशीन द्याच. धरणाच्या भिंतीचे नमुने काढून मशीन कंटाळली.' पण आजच्या दिवसापुरतीच हां, मामा. उद्या नांदुऱ्याला मालडब्यात चढवायची हाय.

उकंडराव : हाव, माहीत आहे.

सहदेव : एक इचारू? काल इचारायचं राहिलं.

उकंडराव : इचार. लाज काल तुह्या पाण्यासंगं वाहून गेली.

सहदेव : इंजन मोठं, दार बारीक. बांधताना ध्येनात न्हाई आलं?

उकंडराव : ध्यानात काऊन नाही आलं? ध्यानात आलं म्हणून तं बारीक केलं!

सहदेव : आं?

उकंडराव : अरे, थ्या साली शेजारच्या वामनरावचं इंजन चोरीले गेलं. इटा काढल्या, इंजन बैलगाडीत टाकलं, अन् गेले. वामनराव रडे, अन् मी मनात म्हणो, माहं इंजन कसं नेता ते पाहतो. मी गवंड्याले सांगतलं, पयले इंजन बसव, मंग भोवताल सिमेंटाच्या भिंती ओत. अन् दार असं ठेव का इंजन त्याच्यातून जन्मात निघालं नाही पाह्यजे. गवंडी म्हणे, चोर चाकं काढून नेतीन. म्हटलं, चाकं काढून मोज. दोरी लावली. चाकं काढून जेवढं उरलं, त्याहून वीतभर कमी दार ठेवलं. चोरा, आत ये, इंजनाले नमस्कार कर, अन् वापस जा!

सहदेव : अन् तुमी आत कसे जात होता?

उकंडराव : थ्या वक्ती मी तुरीच्या काडीएवढा होतो. आडवा होऊन घुसे. मंग पोट आलं, तं माही पोट्टी जाये. सिंधू. फ्रॉक घालत होती तवापासून. तेल टाके, हँडल मारे, इंजन सुरू करून बाहेर येये. माह्या शेतात गव्हाले पाणी कोण दे? सिंधू दे. तिचं लग्न झालं, अन् आत जाणारं माणूसच नाही उरलं. शेषराव पोरगा माह्यावरच गेला, नुसता ढेरीनं. मंग लाईट आली, बाहेर पेटीत मोटार बसवली. तवापासून इंजन आत बसून आहे, घरजावयावानी.

सहदेव : लोक न्हाई हसले?

उकंडराव : हसले? लोकं पाहाले येत! नांदुऱ्याहून येत. एका मास्तरानं शाळेतले पोरं आणले होते, का पाहा, पाटलानं डोकं कसं लावलं. मी दाराजोळ उभा राहून भाषण करो. अती शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणते ना? बैल तरी दावं तोडून जाते. माहं इंजन तेही नाही करू शकत.

सहदेव : अन् असलं इंजन तुमी जावयाला द्यायचं बोलले.

उकंडराव : तू होता काय थ्या पंगतीत?

सहदेव : दुसऱ्या पंगतीला होतो. आमच्या गावचं लग्न, मी न्हाई येणार? साखरखेर्ड्याहून ट्रक भरून आलो होतो. तुमी वरण वाढत होता. 

उकंडराव : हाव. वरणाची बालटी हातात होती. तुमच्याकडचं कोणीतरी म्हटलं, पोरीले काय देल्लं, पाटील? माही छाती अशी फुगली. म्हटलं, इंजन देल्लं! माह्या सिंधूनं चालवलं, तिचंच आहे. तुमच्या मोसंबीच्या बागेले पाणी देईन ते! साऱ्याईनं वाहवा केली. मी आणखी एक पळी वरण वाढलं. रात्री घरी येऊन झोपलो, अन् असा उठून बसलो. मनकर्णा म्हणे, काय झालं? म्हटलं, दार.

सहदेव : दार!

उकंडराव : मंग सुरू झाले माहे निरोप. पयले सांगतलं, इंजन मिस्तरीकडे आहे. मंग सांगतलं, अमावास्या आहे. मंग बैल आजारी पडला, मंग गाडीवान. यंदाच्या दुष्काळात विहिरी आटल्या, तशे माहे कारणंही आटले. तिकडे बाग सुकून राह्यली, विहिरीत खोल पाणी आहे म्हणते, पण मोट पोचत नाही. अन् इकडे मी दाराजोळ. खरं सांग सहदेव, तिकडे लोकं काय म्हणते मले?

सहदेव : काय म्हणणार... हुशार माणूस हाय म्हणतात.

उकंडराव : पाह्य! साखरखेर्ड्यापर्यंत नाव गेलं आपलं.

सहदेव : हां. गेलंय खरं.

उकंडराव : मंग ते नाव तसंच राहू दे गड्या. इंजन निघालं का मी गाडीत टाकून घेऊन येतो, म्हणतो, मिस्तरीनं उशीर केला. हे भिंत-बिंत तिकडे बोलू नको. इथी सारं गाव हासते, हासू दे. मनकर्णाले शपथ घातली आहे. फक्त सिंधूले कळलं नाही पाह्यजे. अरे... अरे थांब. थो बांधावरून कोण येऊन राह्यलं? हिरवं लुगडं...

सहदेव : सिंधूवैनी हायेत.

उकंडराव : सिंधूच आहे! आत जाय, सहदेव! आत जाऊन बस!

सहदेव : कुठून जाऊ? दार बारीक हाय.

उकंडराव : मंग सांग, सरकारी तपासणी आहे.

सहदेव : कशाची?

उकंडराव : भिंतीची! सरकार काय तपासन त्याचा काही नेम आहे काय? अवं, सिंधू! अशी एकाएकी? निरोप ना काही. बसनं आली? जेवली का? घरी जाय, माय आहे घरी.

सिंधू : घरूनच आली, बाबा. इचारलं, बाबा कुठी, तं माय म्हणे विहिरीवर. अन् तोंडाले पदर लावून हासून राह्यली. काय चाललं हे?

उकंडराव : काही नाही. सरकारी तपासणी. मजबूत भिंती कोणाच्या आहेत ते पाहून राह्यले जिल्ह्यात.

सिंधू : सहदेवभाऊ? तुमी इथी?

सहदेव : नमस्कार, वैनी. मला खोटं बोलायला जमत न्हाई. मी मशीनकडं बगतो.

सिंधू : करा तपासणी. मी जास्त टाईम घेत नाही. बाबा, मी भांडाले नाही आली, सांगाले आली. इंजन नको आम्हाले. सोमवारी बाग तोडून राह्यले ते लोकं.

उकंडराव : तोडून? अवं, पण काऊन? झाडं तं...

सिंधू : झाडं उभे आहेत, पानं नाहीत. म्हणून तोडणं आहे. आता इंजन पाठवतो म्हणून निरोप धाडू नका, एवढंच सांगाचं होतं. तुमचा निरोप आला का सासूबाई निरोप आणणाऱ्याकडे नाही पाहात. माह्याकडे पाहते.

उकंडराव : दोन दिवस थांब, माय. दोन दिवसांत इंजन तुह्या दारात उभं करतो. थो मिस्तरी...

सिंधू : कोणता मिस्तरी, बाबा? इंजन इथी आत आहे. मले वासानं समजते. अन् ते निघत नाही हेही मले माहीत आहे. पयल्या दिवसापासून माहीत आहे.

उकंडराव : तुले कसं माहीत?

सिंधू : दोरीचं एक टोक तुमच्या हातात होतं. दुसरं कोणाच्या हातात होतं? चाकं काढून मोजलं, तवा तुमी म्हटलं, धर सिंधू, ताणून धर. मीच धरलं होतं.

उकंडराव : ...हाव. तूच होती.

सिंधू : मंडपात तुमी इंजन बोलले, मी बाशिंग बांधून बसली होती. मी ऐकलं.

उकंडराव : मंग बोलली काऊन नाही? तवाच म्हटलं असतं, बाबा, दार!

सिंधू : काय बोलू? सोयऱ्याईसमोर? नवरीनं उठून म्हणाचं, माहा बाप जी वस्तू देऊन राह्यला थे बाहेरच येत नाही? मी समजली का तुमी समजून बोलले. जी वस्तू कधी निघतच नाही, थे देल्ली म्हणाले काय जाते? मंडपात नाव झालं, खोलीतलं इंजन खोलीत राह्यलं. वडनेराहून तिकडे माहेरी आलेल्या कोणाजोळून दाराची गोष्ट सासूबाईच्याही कानावर गेली. माही सासू गोजरबाई म्हणजे काही गप बसणारं माणूस नाही. 'तुहा बाप लय हुशार वं सिंधू.' भाकरी थापते, अन् म्हणते. पाणी आणते, अन् म्हणते. सारं साखरखेर्डा म्हणते. इचारा सहदेवभाऊले.

उकंडराव : सहदेव. हुशार म्हणते... थे हे काय?

सहदेव : मामा, मला सांगवलं न्हाई.

उकंडराव : अन् मी म्हटलं, नाव गेलं. मशीन बंद कर थे. बंद कर म्हटलं ना! सिंधू, इकडे पाह्य माह्याकडे. इतके वर्सं तू हे समजून राह्यली? का बापानं तुले मंडपात फसवलं?

सिंधू : मी कोणाले काही बोलली नाही.

उकंडराव : थे नाही इचारलं मी. समजली का तू तसं?

सिंधू : हाव.

उकंडराव : अवं, मी लबाड नाही वं माय. मी येडा आहो. निरा येडा! वडनेरात कोणालेही इचार. मी दार इसरलो होतो. ज्या दारापुढे उभा राहून भाषणं केले, थेच दार मंडपात इसरलो. तुह्या लग्नाच्या खुशीत मले भिंतच नाही दिसली. मले मोसंबीची बाग दिसून राह्यली होती, अन् तू हँडल मारून राह्यली, असं दिसून राह्यलं होतं. मले कोणी येडा म्हटलं तं मी त्याच्या संगं हासतो. पण तू लबाड समजशील हे... हे मले सोसत नाही, सिंधू.

सिंधू : येड्याचं सोंग घ्याले काय लागते, बाबा?

उकंडराव : सोंग?

सिंधू : मी लहानपणापासून पाहून राह्यली. तुमच्याकडून काही चुकलं, का तुमीच पयले सोतावर हासता. पुढचा माणूसही हासते. अन् तो हासला का गोष्ट तिथीच मिटते, कोणी जाब नाही इचारत. शेषरावची शाळा सुटली तवा असंच झालं, मायच्या पाटल्या गेल्या तवा असंच झालं. आजही तुमी तेच करसान. मी हासन, अन् रिकाम्या हातानं वापस जाईन. म्हणून घरून ठरवूनच आली, का हासाचं नाही.

उकंडराव : ...हे मले आजलोक कोणी सांगतलं नव्हतं.

सिंधू : कोण सांगन? सारे हासत असते.

सहदेव : वैनी, तुमच्या घरच्या गोष्टीत मी बोलू नये. पण ही तपासणी न्हाई. हे बगा, ही भोकांची रांग. दार मोठं करतोय. मामा धरणावर आले तवा मजूर जेवायला बसले होते. त्या सगळ्यांपुढं उभं राहून म्हणले, 'मी माझंच इंजन भिंतीत चिनलंय, कोणी काढून देता का?' सोंगाला कुणी एवढी तंगडतोड करत न्हाई.

सिंधू : थ्या लोकाईलेही हासवलं असन.

सहदेव : हसवलं. खोटं कशाला बोलू. पोट धरून हसलो आमी.

सिंधू : मंग तेच तं म्हणते मी. अन् हे काय आहे? दाराच्या दोन्ही अंगाले हे काय चोपडलं?

उकंडराव : कुठी? थे... थे इंजनाचं तेल आहे.

सिंधू : इंजनाच्या तेलात माहे हात वाढले, बाबा. थे काळं असते. हे करडीचं आहे, आपल्या घरचं. अन् हे फटीत काय अडकलं? सहदेवभाऊ, थो तार द्या बरं. गुंडी आहे. बंडीची गुंडी.

उकंडराव : राहू दे थे.

सिंधू : तुमच्याच बंडीची आहे. मीच लावली होती, काळ्या दोऱ्यानं. दोरा अजून आहे. बाबा, काय आहे हे?

उकंडराव : आता सांगतलं तं म्हणशील, हासवून राह्यले.

सिंधू : न हासवता सांगा.

उकंडराव : न हासवता कसं सांगू? गोष्टच तशी आहे. अडकलो होतो.

सिंधू : कशात?

उकंडराव : दारात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तुह्या नवऱ्याचा निरोप आला होता का वरची झाडं गेली, खालची उरली. मले जेवण गोड लागे ना. म्हटलं, आत जातो, इंजन खोलतो, तुकडा तुकडा करून काढतो. तुकडे तं निघतीन? पाना घेतला. श्वास सोडला, पोट आत घेतलं, आडवा झालो. अर्धा आत गेलो. अन् श्वास घेतला.

सहदेव : अगाई!

उकंडराव : मंग ना आत ना बाहेर. एक हात इंजनाजोळ, एक हात तुरीकडे. हाका मारल्या. एक बैल येऊन पाहून गेला. माय तुही न्याहारी घेऊन आली, तवा ऊन डोक्यावर आलं होतं. थे उभी राहून हासली. मंग खाली बसून हासली. मंग म्हणे, तेल आणते. अन् येताना शेजारच्या तानुबाईले घेऊन आली. तिले काऊन आणलं? तं म्हणे, एकटीनं निघसान नाही तुमी. एक ओढे, एक तेल लावे. गुंडी तिथीच राह्यली. कातडंही राह्यलं थोडंसं. आठ दिवस कमरेले हळद लावून पालथा झोपलो. झालं. आता हास, नाही तं नको हासू, तुही मर्जी.

सहदेव : वैनी... मामा, वैनी रडत्यात.

उकंडराव : रडत नाही थे. मायवर गेली, अशीच हासते.

सिंधू : दोन्ही करून राह्यली मी. तुमी बोलू नका थोडा टाईम.

उकंडराव : नाही बोलत.

सिंधू : तानुकाकूनं तेल लावलं?

उकंडराव : तुही माय थकली होती.

सिंधू : अन् पाना?

उकंडराव : पाना आत पडला. अजून तिथीच आहे. खोटं वाटत असन तं पाहून घे, तूच मावशील.

सिंधू : बाबा, हे मले काऊन नाही कळवलं? अमावास्या कळवली, बैल कळवला. हे कळवलं असतं तं मी सासूबाईच्या तोंडावर सांगतलं असतं, का माहा बाप तुमच्या बागेसाठी दारात अडकला होता.

उकंडराव : कसं कळवू? साऱ्या गावाले सांगता येते. धरणावरच्या अनोळखी माणसाईले सांगता येते. तुले नव्हतं सांगता येत. दोरीचं टोक धरून तू म्हटलं होतं, 'बाबा, तुमच्याएवढी अक्कल कोणालेच नाही ना?' लहान होती तू. तेवढंच एक ठिकाण होतं, जिथी मी शहाणा होतो. म्हटलं, थे तरी राहू दे.

सिंधू : मले आठवत नाही मी असं म्हटलेलं.

उकंडराव : मले आठवते ना.

सहदेव : मामा, वैनी, मला दिवस मावळायच्या आत नांदुरा गाठायचाय. एकच भोक राहिलं. बाजूला व्हा, न्हाईतर मशीन घेऊन मी बी हितंच राहतो.

सिंधू : पाणी मी टाकते. आणा थो गडू.

उकंडराव : तू काऊन? लुगडं भिजन.

सिंधू : ह्या खोलीत तेल मीच टाकत होती, पाणीही मीच टाकते. सुरू करा, सहदेवभाऊ.

सहदेव : सुरू केली. पाणी थांबवू नका... अजून... आवाज बदलला बगा, हा रूळ लागला. घाई न्हाई. त्याला आपलं चावू द्या. पाणी, पाणी! झालं. निघाली नळी. मामा, हा घ्या कोर, भोकातला गाभा. गरम हाय, जपून.

उकंडराव : अरे बापा! कसा गोल निघाला. मधात रुळाचा तुकडा चमकून राह्यला, आरशावानी.

सहदेव : आता पहार द्या. खाली कडबा टाकलाय ना? मी लोटतो, तुमी दोघं लांब व्हा. हळू... हळू... आला! 

सिंधू : विहीर?

सहदेव : एक खडा पडला न्हाई. बगा, पाणी हललं बी न्हाई.

उकंडराव : सिंधू, दोरी आण. थ्या पेटीवर आहे. धर एक टोक. ताणून धर.

सिंधू : धरली. इंजनाले लावा. आता दाराले. बाबा, तुमचं टोक सोडू नका. जाते!

उकंडराव : जाते?

सिंधू : जाते. चार बोटं उरते.

उकंडराव : चाकं काढून?

सिंधू : चाकं काढून. चाकाच्या खिळा गंजल्या असतीन, रातभर घासलेटात भिजू द्या. मी काढते सकाळी. मले माहीत आहे कोणती कुठून निघते. अन् आजच्या बसनं कोणाले तरी साखरखेर्ड्याले धाडा. सोमवारची कुऱ्हाड थांबवा म्हणा.

उकंडराव : शेषरावले धाडतो. खालची झाडं जगतीन?

सिंधू : सारी नाही. काही जगतीन.

उकंडराव : हे गोल तुकडे मी ठेवून घेतो, सहदेव. मनकर्णाले वरवंटा होईन. अन् सिंधू, एक तुह्या सासूले घेऊन जाय. म्हण, सोयरे हुशार नाहीत, हा त्याचा पुरावा. चांगला रुळासकट आहे.

सिंधू : देते. सोबत गुंडीही देते. नाही, गुंडी नाही देत. थे माह्याजोळ राहू दे.

सहदेव : निघतो मी, मामा. वैनी, तिकडं विहिरीवर खोली बांधताना मला कळवा, एवढंच सांगतो. बांधायच्या आधी कळवा.

सिंधू : बाबा, खोली बांधाले तुमी या.

उकंडराव : मी? एवढं होऊनही माही अक्कल पाह्यजे तुले?

सिंधू : अक्कल नको. माप पाह्यजे.

उकंडराव : कशाचं?

सिंधू : दाराचं. तिकडे तुमी येसान, तं आत येता आलं पाह्यजे तुमाले. असे सरळ उभे राहा. सहदेवभाऊ, जाता जाता हे दोरीचं टोक धरा बरं तिकडून. बाबा, हे काय?

उकंडराव : काय? उभाच तं आहो.

सिंधू : श्वास ओढू नका. पोट जसं आहे तसं राहू द्या.